लेकीच्या शब्दावर राखलेला मका

शेताच्या एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचं शेवटचं झाड दिसावं, इतक्या सरळ सऱ्या ते पाडायचे. म्हणून गावानं त्यांना दोरीतात्या करून टाकलं होतं. खरं नाव आता फक्त सातबाऱ्यावर आणि बायकोच्या रागात उरलं होतं. पेरणी असो, बोलणं असो, नाही तर चालणं, तात्यांना वाकडं खपायचं नाही. एकुलत्या एका लेकीलाही त्यांनी तसंच वाढवलं. ती शिकली, पिकांवरच्या किडींचा अभ्यास केला आणि आसपासच्या गावांना सल्ला द्यायची नोकरी तिला लागली, तेव्हा गावानं तिचंही नामकरण केलं: पिकांची डॉक्टरीण. त्यात थोडी थट्टा होती आणि थोडा मान. कशाचं प्रमाण जास्त, ते त्या वर्षीच्या पिकावर ठरायचं.

त्या हंगामात मका गुडघ्याच्या वर गेला आणि तात्यांना पानांवर पांढरे कागदी चट्टे दिसले. पान उजेडात धरलं की आरपार दिसावं असे. त्यांनी एका झाडाचा पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, बोटांनी उकलला. आत ओल्या भुशासारखी घाण आणि तिच्याखाली बारीक अळी. मागच्या हंगामात हीच अळी आली होती. पुन्हा पुन्हा औषध मारलं, तरी ती पुन्हा पुन्हा आलीच.

आणि त्या फवारणीनं घरातलं एक माणूस बसवलं होतं. तात्यांचा धाकटा भाऊ रणरणत्या उन्हात, तोंडाला फडकंही न बांधता पाठीवर पंप घेऊन शेतात शिरला आणि सरीतच कोसळला. दवाखान्यातून परत आला तो वेगळाच होऊन. हात थरथरायचे, नजर अंधुक झाली होती. कधीकाळी पोत्याला एका हिसक्यात खांद्यावर घेणारा माणूस आता दारातल्या बाकड्यावर बसून चाचपडत दोऱ्या वळायचा. तो पंप तात्यांनीच भरून त्याच्या पाठीवर चढवला होता. यावर घरात कुणी कधी बोललं नाही, पण तेव्हापासून तात्या पंपाला हात लावायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नसे.

सुट्टीच्या दिवशी लेक आली. गाडी लावली आणि चहालाही न थांबता बापाबरोबर शेतात गेली. आभाळ खाली आलं होतं, हवा दमट, अंगाला चिकटणारी. ती वाकून वाकून पानं उलटत होती. मध्येच थांबली आणि तिचा चेहरा उजळला.

"तात्या, ही बघा."

पानाला एक अळी चिकटली होती. ताठ, पिठात घोळल्यासारखी पांढरी.

"मेलीय?"

"मेलीय. आणि आपण मारलेली नाही. बुरशी लागलीय तिला. ही आणखी एक. ती बघा, तिकडे. हवा अशीच ढगाळ राहिली ना, तर ही बुरशी सगळ्या शेतात पसरेल आणि आपलं काम फुकटात करून टाकेल."

"म्हणजे फवारायचं नाही?"

"आत्ता नाही. आत्ता फवारलंत तर अळ्यांबरोबर त्यांना खाणारे किडेही मरतील. मग पुढच्या पिढीला मोकळं रान. मागच्या वर्षी तेच झालं की नाही? थोडे दिवस थांबा. आठवड्याच्या शेवटी मी येतेच, तेव्हा बघू."

आयुष्यभर तात्यांना एकच माहीत होतं: कीड दिसली की मारायची. पण लेकीच्या डोळ्यांत जी चमक होती ती त्यांनी फार दिवसांनी पाहिली होती. आणि पंप न उचलण्याचं कारण कुणी आपणहून हातात देत असेल, तर तेही त्यांना हवंच होतं.

"तू म्हणतेस तर थांबू," ते म्हणाले.

बांधापलीकडे घाईभाऊ फवारत होता. या माणसाला सगळ्याचीच घाई. स्वतःच्या लग्नात नवरी मांडवात यायच्या आधी तो जेवून हात धुऊन बसला होता, असं त्याची बायकोच हसत हसत सांगायची. त्यानं नळी बाजूला धरून हाक मारली, "काय तात्या, डॉक्टरीण आली का घरी? काय गोळी दिली?"

"थांब म्हणाली."

"थांबा? अळीला सांगितलंत का थांबायला?" आणि तो स्वतःच्याच विनोदावर खदखदा हसला.

लेक हसली नाही. "भाऊ, निदान तोंडाला काहीतरी बांधा," एवढंच म्हणाली आणि घराकडे वळली.

पुढचे दोन दिवस तिच्या म्हणण्यासारखेच गेले. सकाळी शेतात गेलं की पांढऱ्या पडलेल्या अळ्या आणखी दिसायच्या. तात्या घरी येऊन काकींना, म्हणजे बायकोला, कौतुकानं सांगायचे. "पोरीचा अंदाज बरोबर निघाला बघ." काकी म्हणायच्या, "निघणारच. माझ्यावर गेलीय." बाकड्यावरून धाकटा म्हणायचा, "वहिनी, मग दादाचं काय घेतलं तिनं?" "तुमच्या दादाचा हेका," काकी म्हणायच्या, आणि तात्याही हसायचे.

मग वारा फिरला.

तात्यांना ते आधी मानेवर जाणवलं. नेहमीचा चिकटपणा नव्हता. दोरीवरचे कपडे दुपारच्या आत कडकडीत झाले. ढग पांगले आणि आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. शेतात जाऊन त्यांनी पानं उलटली. कालच्या मेलेल्या अळ्या तिथंच वाळत होत्या, नवी एकही नव्हती. पोंगा उकलला तर आतली अळी जिवंत, वळवळती, कपाळावर फांदीसारखी पांढरी खूण असलेली. त्यांनी पुढचं झाड बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं. सगळीकडे तेच.

तात्यांना कळलं. लपवण्यात अर्थ नाही, त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. इतकी वर्षं मातीत काढलेल्या माणसाला कोरड्या हवेचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. बुरशीला ओल लागते, ओल संपली होती, आणि अळ्या अजून इतक्या लहान होत्या की आज फवारलं असतं तर औषध त्यांना लागलं असतं. त्यांनी खिशातून फोन काढला, लेकीचं नाव समोर आणलं. अंगठा तसाच वर राहिला. मग फोन पुन्हा खिशात गेला.

घरी आल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, वारा कोरडा झालाय. मला दिसत नाही धड, पण अंगाला लागतंय."

"हं."

"तिला सांगितलंस?"

"तिला हवा कळत नाही का? शिकलीय ती त्यातच."

काकींनी भाकरी थापता थापता मान वर केली. "अहो, ती तिकडे डोंगराच्या बाजूला फिरतेय. तिला इथली हवा कशी कळणार? फोन करा ना."

"तिनं आठवड्याच्या शेवटी येते म्हणून सांगितलंय. येईल," तात्या म्हणाले आणि विषय तिथंच मिटवला.

संध्याकाळी लेकीचाच फोन आला. मागे पावसाचा आवाज येत होता. ती घाईत होती, कुठल्याशा गावात माणसं तिची वाट बघत होती.

"काय म्हणतोय मका?"

तात्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"ठीक आहे," ते म्हणाले.

"पांढऱ्या अळ्या वाढतायत ना?"

"दिसतायत."

"मग झालं. येतेच मी."

काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत जाताना दार जरा जोरात लागलं.

लेक आली तेव्हा ऊन चढलं होतं. बांधावरूनच तिची पावलं मंदावली. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, पोंगे भुशानं गच्च भरले होते. तिनं एक उकलला, दुसरा उकलला. अळ्या आता आत खोल गेल्या होत्या आणि वर घाणीचं बूच. काही झाडांचे कोवळे तुरे आतल्या आतच कुरतडले गेले होते. ती सरीतच खाली बसली. गुडघ्यांवर हात ठेवून, लहानपणी रुसल्यावर बसायची तशी. पण हे रुसणं नव्हतं.

"आता फवारून उपयोग नाही," ती म्हणाली. "आत पोचणारच नाही."

"मग काय करायचं?"

"वाळू आणि चुना मिसळून पोंग्यात टाकायचा. जेवढी वाचतील तेवढी वाचतील."

तिघंही कामाला लागली. तात्या, काकी आणि लेक, कमरेला पाटी बांधून, एकेका झाडाच्या पोंग्यात चिमूट चिमूट टाकत गेली. धाकटा बाकड्यावरून उठून आला आणि थरथरत्या हातांनी वाळू चाळून द्यायला बसला. लेकीच्या बोटांना चुन्यानं चिरा पडल्या तरी ती थांबली नाही. शेवटी काकींनी तिच्या कमरेची पाटी सोडून घेतली, तेव्हा कुठं ती घरी गेली. त्या सगळ्या खटाटोपानं बांधाकडच्या काही सऱ्या वाचल्या. बाकीच्या शेतात कणीस धरण्याची आशा उरली नव्हती.

त्याच आठवड्यात गावातल्या शेतकऱ्यांची बैठक होती. ती बियाणं ठेवायच्या गोदामात भरायची. पोत्यांच्या थप्प्यांवर माणसं बसायची आणि डॉक्टरीण पुढे उभी राहून पुढच्या कामांबद्दल सांगायची. त्या दिवशी गोदाम नेहमीपेक्षा भरलं होतं. ते सल्ल्यासाठी नव्हे, आपल्या गेलेल्या पिकामुळे, हे तात्यांना दारातच कळलं. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे नजर वळवली.

घाईभाऊला अर्थातच राहवलं नाही. "मला एक सांगा," तो उभा राहून म्हणाला, "मी फवारलं, माझं निम्मं तरी वाचलं. तात्यांनी हिचं ऐकलं, त्यांचं गेलं. आता आम्ही कुणाचं ऐकायचं? सख्ख्या बापाचं पीक जिला राखता आलं नाही, ती आमचं काय राखणार?"

कुणीतरी म्हणालं, "अरे, हळू बोल." पण त्याला गप्प बस असं कुणीच म्हणालं नाही.

लेक तोंड उघडणार, तेवढ्यात तात्या उठले. आयुष्यात भर बैठकीत ते कधी बोलले नव्हते. हात नुसतेच लोंबकळत राहिले, त्यांचं काय करावं ते त्यांना सुचेना.

"हवा फिरल्यावर तिनं मला फवारा म्हणून सांगितलं होतं," ते म्हणाले. "मीच ऐकलं नाही. भावाचं ते सगळं झाल्यापासून पंप उचलवत नाही मला. चूक माझी आहे. पोरीचं नाव घेऊ नका."

घाईभाऊ ओशाळून खाली बसला. एवढी वर्षं सरळ बोलणारा माणूस, त्याच्या शब्दावर शंका कोण घेणार? दोन-तीन जणांनी मानाही डोलावल्या. तात्यांना वाटलं, निभावलं.

"तात्या, खाली बसा," लेक म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. तात्या बसले.

"ते खोटं बोलतायत," ती समोरच्या सगळ्यांना म्हणाली. "मी थांबा म्हणाले होते. बुरशी दिसत होती, हवा ढगाळ होती, म्हणून थांबा म्हणाले. मग हवा फिरली आणि ते मला कळलं नाही, कारण मी येऊन बघितलं नाही. लांबून थांबा म्हणायचं आणि मग बघायला यायचं नाही, ही माझी चूक. तुम्हाला माझं ऐकायचं नसेल तर तुमची मर्जी. पण आमच्या तात्यांनी माझंच ऐकलं, हे खरं आहे."

पुढचं ती नेहमीसारखं सांगत राहिली. सापळे कधी लावायचे, पानांच्या मागची अंडी कशी चिरडायची. काही जण मध्येच उठून गेले. घाईभाऊ मात्र बसून राहिला, खाली मान घालून.

परत येताना बापलेक रस्त्यानं चालत होती. घर दिसायला लागलं तसं तात्या म्हणाले, "कशाला बोललीस? माझं या वयात काय बिघडणार होतं? तुझी नोकरी आहे."

लेक थांबली.

"तात्या, मी फोन केला होता ना तुम्हाला? मका कसा आहे म्हणून विचारलं होतं. तेव्हा हवा फिरलेली होती का?"

तात्यांनी वहाणेनं वाटेतला खडा बाजूला सारला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला सगळं दिसत होतं आणि तुम्ही ठीक आहे म्हणालात. का?"

"तू थांब म्हणाली होतीस."

"म्हणून?"

"म्हणून थांबलो." "मी फोन करून सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, फवारा. आणि तुला वाटलं असतं, बापाचा धीर सुटला. बापाचाच माझ्यावर विश्वास नाही. तसं वाटू द्यायचं नव्हतं मला."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कोरडाच राहिला.

"तुम्ही माझं ऐकलंत तात्या. विश्वास नाही ठेवलात. विश्वास असता तर तुम्ही म्हणाला असतात, पोरी, तुझं चुकतंय, ये आणि बघ. मी काय पोथी वाचून दाखवत होते का? मी तुमच्या डोळ्यांवर विसंबून होते. शेतात तुम्ही होतात, मी नव्हते."

तात्या तिथंच उभे राहिले. त्यांना कुणी इतकं सरळ कधी बोललं नव्हतं. पोरीला मोठं मानायचं म्हणून आपण तिच्यासमोर तोंड मिटलं, आणि त्यानंच तिला एकटं पाडलं. हे त्यांच्या इतक्या उशिरा ध्यानात आलं की त्यांना स्वतःची लाज वाटली.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"माझंही," ती म्हणाली, आणि फाटक उघडून आत गेली.

बांधाकडच्या सऱ्या सोडून उभा मका कापून जनावरांना घातला. मग तात्यांनी जमीन खोल नांगरून घेतली. अळ्यांचे तपकिरी कोष मातीबरोबर वर आले, आणि ट्रॅक्टरच्या मागे पांढऱ्या पक्ष्यांची रांग लागली. ते चालता चालता कोष टिपत होते. धाकटा बांधावर बसून त्यांचा कलकलाट ऐकत होता. "दादा, जेवायला किती जण आलेत रे?" त्यानं विचारलं, आणि कित्येक दिवसांनी तात्यांना हसू फुटलं.

त्या वर्षी घर काकींच्या भाजीच्या वाफ्यांवर आणि बांधाकडच्या थोड्याफार कणसांवर निभावलं. गावातले निम्मे लोक लेकीला विचारेनासे झाले. ती बैठकीला यायची तेव्हा गोदामात रिकाम्या जागा दिसायच्या. तिनं त्याबद्दल तक्रार केली नाही. पण आता ती कुणालाही थांबा म्हणाली की स्वतः येऊन बघायची, कितीही लांबचं शेत असलं तरी. गाडीचे टायर झिजले, चेहरा उन्हानं रापला. काकी म्हणायच्या, "पोरगी निम्मी झाली." ती म्हणायची, "आई, निम्मी नाही, बरोबर झाले."

पुढच्या हंगामात मका पुन्हा उभा राहिला आणि अळीही आली. लेकीनं बघून सांगितलं, "अंडी खाणाऱ्या बारीक माश्या दिसतायत, आठवडाभर हात लावू नका." ती गेली. दुसऱ्याच दिवशी तात्या शेतात फिरले, खालच्या कोपऱ्यात जाऊन बराच वेळ बसले आणि तिथूनच त्यांनी फोन लावला.

"तुझं इकडे खरं नाही," ते म्हणाले. "वरच्या बाजूला असेल. खालच्या कोपऱ्यात अंडी फुटलीत, बारीक अळ्या पानभर झाल्यात. माश्या नाहीत तिथं."

"नक्की?"

"मी इथं बसून बोलतोय. ये आणि बघ. मला तर वाटतं एवढा कोपरा फवारावा, बाकीचं सोडून द्यावं."

"अख्खं शेत नाही?"

"अख्खं नाही. तुझ्या माश्या राहू देत तिकडे."

ती संध्याकाळी आली. दोघं त्या कोपऱ्यात बराच वेळ वाद घालत राहिली. तिला दोन सऱ्या जास्त धरायच्या होत्या, त्यांना कमी. आवाज इतका चढला की बांधापलीकडून घाईभाऊनं डोकं काढलं.

"काय झालं? भांडण का?"

"नाही," तात्या म्हणाले. "बोलतोय आम्ही."

फवारणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, वारा पडलेला असताना. हातात हातमोजे, तोंडाला जाड फडकं. पंप तात्यांनी स्वतः उचलला. धाकटा बाकड्यावरून उठून फाटकापर्यंत आला होता. त्यानं भावाच्या पाठीवरचा पट्टा चाचपून बघितला, सैल वाटला म्हणून थरथरत्या बोटांनी नीट ओढून बसवला आणि म्हणाला, "जा आता." तात्या सरीत शिरले. त्या वर्षी मका भरभरून आला नाही, पण आला.